अळणीचे एकोणीस दिवस

—हां, हां, ओरडू नको लेका, पाय ढिला सोड, ढिला म्हंजे ढिला—तू सोडतोस कुठं, असा धरून बसलाईस जसा काय हा देवाप्पा तुझा पाय चोरून नेणार हाय. बघ, हितं, पोटरीच्या मधोमध लिंबाएवढी गाठ लागतीय न्हवं, हाच गोळा. तू खानापूरकडचा म्हणालास, मंग तुझी आई ह्याला वांब म्हणत असेल. म्हणते? म्हणणारच. देशावरची माणसं पेटका म्हणत्यात, हितं बेंगळुरात शिवाजीनगरचे टांगेवाले येत्यात ते म्हणत्यात नस पे नस चढ गयी, कन्नड माणूस मीनखंड हिडकोंडतु म्हणून पोटरी धरून बसतो, तमिळ हमाल कोरक्कळी म्हणतो—तीस वर्षं ह्याच चटईवर पाय दाबतोय मी, पैलवानांचे, हमालांचे, एकदा तर रेसच्या जॉकीचासुदीक—नावं सगळ्यांची वेगळी, पण तोंड सगळ्यांचं सारखंच वाकडं होतंय. तुझं झालंय तसं. हसू नको, हसलास की परत आवळंल.

अंगठा वर ओढून धर. स्वल्प अजून. सरी, बस्स. काय करतोस बेंगळुरात? कारखान्यात, ते दिसतंयच, पण कसल्या—थांब, हे मनगटावर ठिणग्यांचे डाग हायेत न्हवं, मी आधीच बघायला पायजे होतं. फौंड्री. म्हंजे तुम्ही पोरं गोळ्याला उंदीर म्हणता. कातडीखालनं पळतो म्हणून. मला कसं ठाऊक? अरे, माझा परसू होता की तिथंच, पाच वर्षं, लोखंडाचा रस ओतायच्या कामावर. एकुलता एक. लागला तेव्हा गंगव्वानं—आमची मंडळी—तिनं आख्ख्या गल्लीला पेढे वाटले, मी मात्र म्हणलं होतं, तालमीत राहा, माझा हात शीक, गादी चालव. तो म्हणाला, बाबा, आता माणसं पाय दाबून घेत न्हाईत, गोळ्या खात्यात. खोटं न्हवतं त्याचं. पण माझं मन जरा खट्टू झालंच.

आन् मंग गेल्या उन्हाळ्यात त्याला सुरू झाले गोळे. पाळी संपवून घरी यायचा, उंबऱ्यात बसायचा आन् दोन्ही पोटऱ्या अशा दगडागत व्हायच्या. मी दाबायचो. खरं सांगू, तुला म्हणून सांगतो, मला बरं वाटायचं. पोरगं पाच वर्षांनी माझ्या हाताखाली आलं होतं न्हवं. बाप म्हंजे काय हे त्याला आता कळंल, असं वाटायचं मला. तर मी त्याला पथ्य घातलं. आमच्या वस्तादाचं पथ्य हाय हे, निपाणीच्या तालमीतलं, मी शंभर पैलवानांना घातलंय—एकवीस दिवस अळणी. मीठ बंद, आंबट बंद, ताक तर शिवायचं न्हाई. वस्ताद म्हणायचे, खारटानं शिरा आखडत्यात. आन् गुण यायचा की! न्हाई कशाला म्हणू. पण पैलवान सकाळी दोन तास घाम गाळतो, दूध-तूप खातो आन् दिवसभर सावलीला घोरतो. भट्टीपुढं आठ तास उभा असतो काय तो? हे मला आज सुचतंय. तेव्हा न्हाई सुचलं.

तुमच्या फौंड्रीत पाळीला दोनदा ताक देत्यात न्हवं, मीठ घातलेलं? देत्यात. परसू घरी येऊन म्हणाला, बाबा, ते ताक सगळ्यांना घ्यावंच लागतं. मी म्हणलं, घे आन् दुसऱ्याला दे. तसंच करायचं गुणी लेकरू. मीही त्याच्याबरोबर अळणीच जेवत होतो, पोराला एकट्याला कसं जेवू द्यायचं. आन् वर त्यालाच सांगायचो, बघ, मला कुठं काय होतंय? मला काय व्हायचंय रे, मी बसलोय हितं पंख्याखाली चटईवर! सातव्या दिवशी गंगव्वानं त्याच्या आमटीत गुपचूप चिमूटभर मीठ टाकलं. पोराचा चेहरा उतरलाय म्हणाली, नुसत्या पाण्यानं तहान भागत न्हाई त्याची. माझ्या जिभेला ते कळलं आन् मी ताटच सरकवलं. वस्तादाची विद्या मोठी का तुझी चूल मोठी, असं बोललो मी तिला, शेजारीपाजारी ऐकत असताना. गोळे तर वाढतच होते. मी म्हणायचो, आत दडलेला वात बाहेर पडतोय, पडू दे.

एकोणिसाव्या दिवशी—दुखतंय? जरा सोस, सुटत आलाय—एकोणिसाव्या दिवशी दुपारी त्यो आन् उमाकांत म्हणून एक पोरगा रसाचा लेडल, म्हंजे ती लांब दांड्याची बादली, दोन बाजूंनी धरून निघाले होते. दोन्ही पायांना एकदम गोळे आले त्याला. खाली टाकला असता तर रस पुढं उमाकांतावर गेला असता, म्हणून ह्यानं दांडा सोडला न्हाई, गुडघ्यावर बसला आन् आपल्याच अंगाकडं कलता केला. उजव्या बुटात गेला सगळा. बूट कापून काढला म्हणे. मी बघितलं न्हाई. मी दवाखान्यात पोचलो तवर गुडघ्याखालचा पाय काढला होता.

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं मला खुर्ची दिली, समजावून सांगितलं, भट्टीवर घामातनं मीठ जातं, ते परत पोटात गेलं न्हाई तर असे गोळे येत्यात, साधी गोष्ट हाय. साधी गोष्ट म्हणाला. मंग परसूला त्यानं विचारलं, तू ताक घेत न्हवतास असं सोबतचे सांगत्यात, कुणी घेऊ नको म्हणलं होतं तुला? मी तिथंच उभा होतो, खाटेच्या पायथ्याशी. आन् परसू माझ्याकडं न बघता म्हणाला, कुणी न्हाई, मलाच ताकाचा वास सोसत न्हाई.

तीस वर्षं ह्या तोंडाची बडबड गल्लीनं ऐकलीय, पण तिथं एक शब्द फुटला न्हाई माझ्या तोंडातनं. मीच सांगितलं होतं, एवढंच तर म्हणायचं होतं. आता आठ महिने झाले. गंगव्वा वेळच्या वेळी ताट वाढते, एक शब्द काढत न्हाई त्यातला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आन् परसूपुढं रोज सकाळी मी ठरवून जातो, आज बोलायचं, आन् त्याला चहा देऊन परत येतो. मी दुकानच मोडणार होतो, तर त्योच म्हणाला, बाबा, दारात आलेल्या गिऱ्हाईकाला परत पाठवू नका. म्हणून तुझा पाय हातात घेतला, न्हाईतर—

तू नेमका कशावर असतोस रे फौंड्रीत? ओतायच्या—कधीपासनं? सात महिने. म्हंजे परसूच्या जागेवर. न्हाई, तुझी काय चूक त्यात, कुणीतरी लागणारच होतं. घे तुझा पाय. सुटलाय गोळा, पण उद्या परत येईल, आन् त्याला माझ्या हातात औषध न्हाई. घरी जा आन् पोटभर ताक पी, मीठ घालून. पाळीतलं दोन्ही वेळचं पी. कुणी वस्ताद, कुणी आजी, कुणी देवाप्पा काय सांगू दे. आन् उद्या हिकडं येऊ नको.

ऐकलंस? आत हाक मारतोय. दिवसातनं दोन-तीनदा येतो त्याला गोळा—उजव्या पोटरीत. व्हय, उजव्याच. डॉक्टर म्हणतो असं होतं, पाय गेला तरी दुखणं जात न्हाई. मला तीस वर्षांत असलं काही ठाऊक न्हवतं, ह्याला कुठल्या भाषेत काय म्हणत्यात तेही ठाऊक न्हाई. जाऊन बसतो त्याच्याजवळ. कुठं, विचारतो. म्हणतो, खाली बाबा, अजून खाली. खाली नुसती गोधडी असते. मंग मी ती गोधडीच दाबतो दोन्ही हातांनी, काय करू? जरा वेळानं म्हणतो, बरं वाटलं बाबा, सुटला.

खोटं बोलतोय माझ्यासाठी. परत.

जा तू. जाताना दार ओढून घे. आलो रे, परसू—कुठं? हितं?