सुनेनं बोटाला चिमटा लावला

माजं म्हायेर किकवीचं, हायवेच्या कडंला, आन् दिलं कुठं तर वेल्ह्याच्या पार वरल्या अंगाला. भात, जनावरं ह्याच्यातच साठी गाठली, दवाखाना असा बाळंतपणालाबी पाहिला न्हाई म्या, काय सांगू तुमाला. सून आली, सविता, ती आशाताई झाली, घरोघर फिरून ताप-खोकला इचारायचं काम. मला आवडायचं न्हाई. घर सोडून गाव कशाला हिंडती गं, म्हनायची मी. ती हसून पिशवी उचलायची आन् निघायची, लई सोशीक.

गेल्या पावसाळ्यात सर्दी झाली, अंग तापलं, काढा पिले आन् गेले लावणीला. सविताला सांगितलंच न्हाई. चौथ्या दिशी खाचरात दम लागला, चार पावलं टाकली की थांबाया लागायचं. तिनं बांधावरनं पाहिलं, आली चिखल तुडवत, माजा हात धुतला, बोटाला तो चिमटा लावला, प्राणवायू मोजायचा, आन् तिचं तोंडच उतरलं. आत्या, आत्ताच्या आत्ता निघायचं. म्या म्हनलं, एवढं खाचर उरकू दे. तर माजी गरीब सून वरडली वो, खाचर ऱ्हाऊ द्या, तुमी ऱ्हायला पायजे.

वेल्ह्याला ऑक्सिजन लावला, तितनं गाडीनं पुण्याला. फ्लू म्हनले, छातीत पार खाली उतरलाय, नळी घालून मशीनवर ठेवाया लागंल. ल्योक माजा भोरला कचेरीत शिपाई, त्येनं सहीचा कागद बाजूला सारला. म्हनला, मशीनवर गेलेलं मानूस माघारी येत न्हाई म्हनत्यात. सविता म्हनली, येत्यात, सगळी न्हाई पर येत्यात, करा सही. केली त्येनं.

दिवसदिवस पालथं झोपवलं हुतं म्हनं मला. काय आठवत न्हाई, निस्तं कुनीतरी कानाशी बोलायचं. सविताच ती, मास्क लावून भेटायच्या टायमाला यायची आन् सांगायची, लावण झाली आत्या, सगळी आळी आली व्हती, आन् म्हस व्याली. नळी काढली तवा दोन दिस आवाज फुटंना. फुटला तर पयलं म्या इचारलं, पारडी का रेडा? हसली वो ती, आन् डोळ्यांत पानी. पारडी, म्हनली.

घरी आले तर पाय काड्या झालेले. धरून धरून चालवलं तिनं, आज उंबरा, उद्या अंगन, परवा देऊळ. आता तिनं लसबी टोचून आनली मला. चढावर अजून दम लागतो, व्हय, मग बसते दगडावर आन् पुन्यांदा चढते. बसा, च्या ठेवलाय. तुमच्या घरची समदी मानसं धडधाकट ऱ्हावीत, बाबा.