पेशंटला दात किती?

नाही नाही, बसा हो काका, देतेच तुमच्या गोळ्या — घाई नाही ना? नाही ना? मग बसा त्या स्टुलावर, बाबा तुम्हाला तिथेच बसवायचे. महिना झाला त्यांना जाऊन, तरी आत येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या खुर्चीकडेच बघतो. तुम्हीही बघितलंत. राग नाही आला मला. फार्मसी मी शिकले, परवाना माझ्या नावावर आहे, पण गोळ्या देता देता माणसाला हसवायचं कसं, ते काही आमच्या कोर्सला नव्हतं.

घरीही तसेच हो. आईची भाजी खारट झाली की म्हणायचे, डोस जास्त झालाय, भरपूर पाण्यासोबत घ्या. माझ्या वहीवर चिठ्ठी चिकटवायचे — गणित, जेवणानंतर, दिवसातून दोनदा. आणि इथे, लहान मुलाचं औषध न्यायला कोणी आलं की ठरलेला प्रश्न, "पेशंटला दात किती?" बाप गोंधळायचा, आई बोटं मोजायची, अख्खं दुकान हसायचं. मला मेली लाज वाटायची. वीस वर्षं एकच विनोद! म्हटलं, बाबा, पुरे आता.

विनोद नव्हता तो, काका. दात नसले तर थेंब, दात आले तर चमचा — तापाच्या औषधाच्या दोन बाटल्या, नाव तेच, खोकं तसंच, पण थेंबांचं औषध चौपट कडक. उत्तर येईपर्यंत बाबा हातातली बाटली पुन्हा वाचून घ्यायचे. आम्ही हसत असायचो तेव्हा ते वाचत असायचे. आणि हे मला कधी कळलं? आज सकाळी.

काल दुपारी एक माणूस आला — कानाला फोन, मुलाला ताप आहे, लवकर द्या. मी दोन्ही बाटल्या खाली काढल्या, एक दिली. विचारलं काहीच नाही. आज बघते तर चमच्याची बाटली इथेच, या वजनकाट्याच्या मागे. म्हणजे थेंबांची गेली. आणि तिच्यावर माझ्या हातची चिठ्ठी — एक चमचा, दिवसातून तीनदा. खोक्यात ड्रॉपर असतो, तो बघून शंका येईल ना त्याला? येईल ना? — नाही येणार. माणूस चिठ्ठीवर विश्वास ठेवतो, आणि माझं अक्षर चांगलं आहे. काल दुपार, रात्र, आज सकाळ. तीन चमचे. म्हणजे बारा. लिव्हरवर जातं ते, काका, आणि सुरुवातीला बाहेरून काही दिसतही नाही. भीती वाटतेय मला.

बाबाही एकदा चुकले होते. दुकान उघडं टाकून, एकाच पायात चप्पल, धावत सुटले होते गिऱ्हाइकाच्या घरी. जेवताना आम्हाला त्याची नक्कल करून दाखवली, आम्ही पोट धरधरून हसलो. ताट मात्र त्यांनी तसंच बाजूला सारलं होतं — हे बघा, हे मला आत्ता आठवतंय.

मग मी का नाही धावले? कुठे धावू? नाव विचारलं नाही, घर विचारलं नाही. — डॉक्टर? हो, कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडूनच आला होता तो. त्यांच्याकडे पत्ता असणारच. माहितेय मला, काका. दहा वाजल्यापासून माहितेय, आता बारा वाजत आलेत. पण फोन केला की 'मी चुकले' म्हणावं लागेल, आणि मग लोक म्हणतील, बाप होता तेव्हा असं नव्हतं. म्हणून तर तुम्हाला बसवून घेतलं. तुमच्याआधी दोघांना बसवलं होतं.

असं बघू नका माझ्याकडे. लावतेय. लावतेय म्हटलं ना. तुमच्या गोळ्या — नको, आज माझ्या हातून काही नेऊ नका. जा तुम्ही, तुमच्यासमोर नाही बोलता यायचं मला. रिंग जातेय. जा ना, काका. — हॅलो, बाई? मी औषधाच्या दुकानातून बोलतेय, काल ते ताप आलेलं मूल — काय? तुम्हीच फोन करणार होतात मला? ती बाटली बघून?