पंच्याहत्तर सेंटिमीटरचं दार

…आणि वर तोंड करून काय म्हणतात? "मी कशालाच हात लावला नाही, आपोआप झालं!" आपोआप! अहो, माणसाचे केस आपोआप पांढरे होतात, पोट आपोआप सुटतं, इथपर्यंत मला मान्य आहे, पण भिंती आपोआप नाहीशा होतात? जिने आपोआप पसार होतात? एकतीस वर्षं मी कॉम्प्युटरवर नकाशे काढतोय, पण खरं विचाराल तर काढण्यात त्यातली सहा-सात गेली असतील, बाकीची सगळी दुसऱ्यांच्या पडद्यासमोर कंबरेत वाकून उभं राहण्यात गेली… तुम्ही बसा ना, बसा त्या बाकावर, माझं काय, मला उभंच राहायचंय, का ते कळेल पुढे.

आता तुम्ही म्हणाल, हा इल्पो एवढा बडबड्या कसा? तसं नाही हो. आम्ही फिनलंडची, त्यातून टाम्पेरेची माणसं, जिन्यात शेजाऱ्याची चाहूल लागली तर तो जाईपर्यंत दाराआड श्वास रोखून थांबणारी! आमच्या हिचं, तार्याचं आणि माझं लग्न झालं त्या दिवशी मी एकूण अकरा शब्द बोललो, त्यातले बरेचसे पाद्रीबुवांनी म्हणवून घेतलेले. पण ह्या नकाशांच्या प्रोग्रामने मला बोलायला लावलं. मी त्याच्याशी बोलतो, प्रिंटरशी बोलतो, आणि प्रिंटरशी जे बोलतो ते इथे सांगण्यासारखं नाही.

सकाळ कशाने सुरू होते माझी? "इल्पोऽऽ! भिंती गेल्या!" हा योउको, आमच्या ऑफिसचा मालक, मोठा आर्किटेक्ट, काळा गळाबंद स्वेटर वगैरे. मी हातातली कॉफी खाली ठेवतो… आणि आमच्याकडे माणसाला हातातली कॉफी खाली ठेवायला लावणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको… जातो, बघतो, तर लेयर, म्हणजे नकाशातला भिंतींचा थर, बंद. बाजूला एवढासा दिव्याचा बल्ब असतो चित्रातला, तो विझलेला. मी बोट लावतो, बल्ब पेटतो, भिंती परत. "पण मी कशालाच हात लावला नाही, आपोआप झालं!" बरं बाबा, झालं असेल. अर्ध्या तासाने पुन्हा, "इल्पो, पडद्यावर जिना आहे, कागदावर नाही!" आता असा एक लेयर असतो, तो पडद्यावर दिसतो पण कागदावर जन्मात उमटत नाही, प्रोग्रामने स्वतःच्या खुणांसाठी ठेवलेला असतो, आणि माणसं नेमका त्याच्यावरच अख्खा चार मजली जिना काढून बसतात! मग दुपारी, "इल्पो, सगळा नकाशा दाखव म्हटलं की मुंगीएवढा होतो!" होणारच, कारण कुणीतरी चुकून एक ठिपका टाकलाय आणि तो ठिपका पडलाय हजार किलोमीटरवर, लॅपलँडच्याही पलीकडे, आणि प्रोग्राम बिचारा इमानदार, तो म्हणतो सगळं म्हणजे सगळं, तुमचं घरही दाखवतो आणि तो ठिपकाही! एकदा तर ह्या योउकोने कुठूनतरी कमोडचं एक तयार चित्र उचलून आणलं, मिलिमीटरमधलं, आणि टाकलं मीटरच्या नकाशात. हजारपट! शहराच्या नकाशावर कमोड, एका तळ्यापासून जवळजवळ दुसऱ्या तळ्यापर्यंत, मध्ये अख्खं टाम्पेरे त्याच्या पोटात! तो म्हणाला, "इल्पो, खरं सांगतो, मी कशालाच…" मी म्हटलं, पुरे. आपोआप झालं. कळलं.

बरं, घरी आल्यावर तरी सुटका? छे! घरी रित्वा. रित्वा म्हणजे आमच्या इमारतीची अध्यक्षीण, तिसरा मजला, आवाज असा की लिफ्टशिवाय पाचव्या मजल्यावर पोचतो. "इल्पो, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना रे?" हे वाक्य ज्याच्या आयुष्यात आलं त्याचं आयुष्य संपलं, एवढं लक्षात ठेवा. तिने इमारतीचा सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची खोली, बंद राहणार असल्याची सूचना बनवली होती, नक्षीदार अक्षरांत, फुलाफुलांची चौकट घालून, आणि छापायला धाडली दुसऱ्या मशीनवर. फाइल गेली, अक्षरं घरीच राहिली! सूचना आली ती नुसते चौकोन, चौकोन, चौकोन, आणि खाली रित्वाची सही. तीन दिवस ती दाराशी लावलेली होती. लोक यायचे, त्या चौकोनांसमोर उभे राहायचे, मान हलवायचे, जायचे. विचारलं एकानेही नाही. आमच्यात विचारत नाहीत.

आणि सौना कशासाठी बंद? तर सिल्वीबाईंसाठी, आणि इथून खरी रड सुरू होते. सिल्वीबाई शहाऐंशी वर्षांच्या, पाचव्या मजल्यावर एकट्या. गुरुवार संध्याकाळी सहा ते सात, तळघरातल्या सौनाची पाळी त्यांची, एक्केचाळीस वर्षं! माणसं मेली, माणसं आली, राष्ट्राध्यक्ष बदलले, गुरुवारची पाळी बदलली नाही. मग अडीच वर्षांपूर्वी कंबरेचं हाड मोडलं, चाकाची खुर्ची आली, आणि सौनाचं जुनं दार एवढंसं, खुर्ची जाईना. नर्स येते, शॉवर देते. सिल्वीबाई म्हणायच्या, "इल्पो, शॉवर म्हणजे काय रे, भांडं विसळल्यासारखं. घाम यायला पाहिजे. दगडावर पाणी पडलं की फुस्स आवाज होतो ना, तो मला झोपेत ऐकू येतो." आणि तरीही पाळी सोडली नाही हो! वहीत गुरुवार सहासमोर नाव त्यांचंच. दर गुरुवारी सौना तापायचा, तासभर रिकामा, आत कुणी जात नव्हतं. हे सांगताना मला अजूनही गलबलून येतं, हसू नका.

तर ठरलं, सौना नवा करायचा, दार रुंद करायचं. नकाशा कोण काढणार? "इल्पो, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना!" काढला. हौसेने काढला, खोटं कशाला बोलू? सिल्वीबाईंची खुर्ची स्वतः मापली, चाकांसकट एकोणसत्तर सेंटिमीटर. हाताला जागा हवी म्हणून दाराची मोकळी रुंदी धरली पंच्याहत्तर. सगळ्यांनी नकाशा बघितला, मान हलवली, रित्वाने शिक्का मारला. वसंतात काम झालं. नवी फळकुटं, नवी शेगडी, काय तो लाकडाचा वास! जूनच्या शेवटी दार आलं कारखान्यातून, चौकटीसकट तयार, आणि जुलैच्या पहिल्या गुरुवारी, सहाला पाच कमी असताना, अख्खी इमारत तळघरात. आमच्यात कुणी कुणाच्या आनंदाला असं उघड येत नाही, पण आले! बाथरोब घालून, हातात काहीतरी धरून, सहजच इकडून चाललो होतो असं दाखवत. लिफ्ट उघडली. सिल्वीबाई खुर्चीत, पांढरा झगा, मांडीवर वाफेत अंगावर मारून घ्यायची बर्चच्या पानांची जुडी, केस विंचरलेले. रित्वाने खुर्ची ढकलली…

ठप्प.

मागे घेतली, पुन्हा ढकलली. ठप्प. चाकं चौकटीला घासतायत. सगळे भिंतीवरच्या नकाशाकडे बघतायत, नकाशावर स्वच्छ लिहिलंय, पंच्याहत्तर. टेप आणली, दार मापलं. सदुसष्ट. खुर्ची एकोणसत्तर. दोन सेंटिमीटर हो, दोन! सुताराला फोन लावला, तो म्हणाला, "कारखान्याच्या यंत्राने तुमच्याच फाइलवरून कापलंय, मी नुसतं बसवलं, मी कशालाच हात लावला नाही." हाही! सुतार! आणि हात लावला नाही! मग रित्वा, "हे कॉम्प्युटरचं काहीतरी झालंय, इल्पो, वर जा आणि बघ." बाकीचे पण, हो हो, कॉम्प्युटर, आपोआप होतं असं, माझ्या मेव्हण्याचंही झालं होतं. आणि सिल्वीबाई? त्यांनी नुसती ती बर्चची जुडी नाकाला लावली, एकदा वास घेतला आणि परत मांडीवर ठेवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेलो वर. लावला कॉम्प्युटर, उघडली फाइल. मनात म्हणतोय, एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची भुतं उतरवलीयेत, हे तर माझं स्वतःचं. लेयर बघितले, ठीक. मीटर की मिलिमीटर ते बघितलं, ठीक. कागदावर बसवताना आकसलंय का, नाही. मग दारावरच्या त्या पंच्याहत्तरवर क्लिक केलं. आता आमच्या धंद्यात माप कसं असतं, तर तुम्ही दोन टोकं दाखवायची आणि आकडा प्रोग्राम स्वतः मोजून लिहितो. त्याला खोटं बोलता येत नाही. पण त्या आकड्याच्या जागी माणसाला हवा तो आकडा हाताने टाइप करता येतो! रेघ तीच, दार तेच, आकडा मात्र आपल्या मर्जीचा. ह्याच्याइतकं मोठं पाप आमच्या धंद्यात नाही. योउकोला मी ह्या एका गोष्टीवरून दोनदा बोललोय, मालक असून! आणि माझ्या पडद्यावर काय? प्रोग्रामने मोजलेलं, सदुसष्ट. हाताने टाइप केलेलं, पंच्याहत्तर.

आणि मग आठवलं, हळूहळू, दात दुखायला लागावा तसं. मागच्या वर्षीचा जून. युहान्नुस, आमचा भर उन्हाळ्यातला सण, त्याची आदली दुपार, म्हणजे अख्खा देश गाड्या भरून तळ्याकाठच्या खोपटाकडे सुटलेला. खाली तार्या गाडीत, मागे सॉसेज, बटाटे आणि तिची आई, हॉर्नवर हात. रित्वाला नकाशा आजच हवा. भिंतीत सांडपाण्याचा पाइप, त्यामुळे भोक पंच्याहत्तरच्या पुढे सरकेना, चौकट बसवली की उरतात सदुसष्ट. पाइप हलवायचा तर सगळी भिंत नव्याने काढायची. हॉर्न. मी म्हटलं, आत्ता आकडा टाकून ठेवतो, सोमवारी भिंत नीट करतो. पुन्हा हॉर्न. टाकला आकडा, पाठवली फाइल. सोमवारी काय झालं? सोमवारी माझी चार आठवड्यांची रजा सुरू झाली.

खाली उतरलो. चार मजले जिन्याने, लिफ्ट असून. प्रत्येक पायरीवर वाक्य जुळवत होतो, लोकहो, चूक माझी, सरळ सांगून टाकायचं, पुरुषासारखं. तळघरात सगळे जागेवर. रित्वा म्हणाली, "काय निघालं रे?" सिल्वीबाईंनी मान वर केली. मी तोंड उघडलं… आणि तुम्हाला सांगतो, ते माझं तोंड नव्हतंच, आतून कुणीतरी दुसराच बोलला, "काय माहीत. मी कशालाच हात लावला नाही. आपोआप झालं."

सगळ्यांनी मान हलवली. सिल्वीबाईंनी नाही हलवली. ह्या बाई कोण, तर कारखान्यात छत्तीस वर्षं यंत्रांचे नकाशे शाईने उतरवून काढायच्या, हे मी विसरलोच होतो! मी वर असताना त्यांनी भिंतीवरचा नकाशा मागून घेतला होता आणि टेपने कागदावरचंच दार मापलं होतं. म्हणाल्या, "इल्पो, एकास वीसचा नकाशा आहे. पंच्याहत्तर असतं तर कागदावर पावणेचार सेंटिमीटर भरलं असतं. हे भरतंय तीन पस्तीस." मला जवळ बोलावलं, हळू आवाजात म्हणाल्या, "आम्ही ब्लेडने खरवडून आकडा बदलायचो, तेव्हा निदान कागदावर डाग तरी राहायचा रे. आणि युहान्नुसच्या आदल्या दिवशी आमचा साहेब शाईच्या बाटल्या कुलपात ठेवायचा. उगीच नाही." मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चौकट काढा! मी काय दार बघायला आलेय? घाम गाळायला आलेय!"

काढली चौकट, दारासकट. भोक राहिलं किती? पंच्याहत्तर! म्हणजे बघा, माझा आकडा शेवटी खरा ठरला, फक्त दार नसलं म्हणजे. खुर्ची आत गेली, रित्वा सोबत गेली, आणि थोड्या वेळाने आतून आवाज आला, फुस्स… आणि सिल्वीबाईंचा, "आऽऽह." अडीच वर्षांचा होता तो आवाज. बाहेर आम्ही पंधरा-वीस जण उभे होतो, सगळे आपापल्या चपलांकडे बघत, कारण डोळे पुसायचे तर कुणाला दिसतील.

पण दार नाही म्हटल्यावर वाफ थांबते थोडीच? ती निघाली बोळात. पाइप हलवायला प्लंबर हवा, आणि जुलैत ह्या देशात प्लंबर? तो तळ्यात पाय सोडून बसलाय, ऑगस्टच्या दहा तारखेपर्यंत! तर तोवर हे प्लायवूड, नव्वद बाय दोनशे, त्याला हँडल नाही, बिजागरी नाही, बिजागरी मीच. आज तिसरा गुरुवार. सहा ते सात, पाठ आतल्या बाजूला, नजर समोर भिंतीवर, पाठ शेकून निघते, आणि आतून हुकूम, "इल्पो, डावीकडून वारा येतोय! नीट मापून धर!"

आणि लोक इथूनच कपडे धुवायला जातात हो, बादल्या घेऊन. थांबतात. आमच्यात विचारत नाहीत, पण हे बघून विचारतात, "इल्पो, दाराचं काय झालं?" आणि मी, दोन्ही हात प्लायवूडला लावून, सांगतो ना… मी कशालाच हात लावला नाही. आपोआप झालं.