आत्याबाईंनी शिकवलेलं नाउन

मंडळी, तुम्ही सगळे हातातली कामं टाकून या शोकसभेला आलात. आशाताई म्हणून मी लसीकरणावर अर्धा अर्धा तास बोलते. पण आज गुरुजींनी माईक हातात दिला अन् पहिला शब्दच सापडेना. मला सांभाळून घ्या. मध्येच हसले तर रागावू नका. आमच्या आत्याबाईंबद्दल, माझ्या सासूबाई सगुणाबाईंबद्दल बोलायचं आणि हसायचं नाही, हे मला जमणार नाही.

आज एक गोष्ट, तुम्हाला माहीत असली तरी, माझ्या तोंडानं सगळ्यांसमोर सांगते. मी या गावात सून म्हणून आले ती खोटं बोलून आले. माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, मुलगी दहावी पास आहे. मी पास नव्हते. इंग्रजीत नापास होते. लग्न झालं, दोन वर्षं गेली, कोणी विचारलं नाही. मग गावात आशाताईची जागा निघाली. आत्याबाई आनंदानं घरी आल्या. म्हणाल्या, "तुझी मार्कशीट काढ वो, फॉर्म भराचा आहे."

काय काढणार होते मी? पेटी उघडून बसले अन् खाली मान घालून खरं सांगितलं.

आठ दिवस आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढलं की जेवायच्या, उठायच्या. मला वाटलं, आता मला माहेरी सालेकस्याला धाडून देतात. नवव्या दिवशी चुलीजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "खोटं सांगितलं त सांगितलं. आता ते खरं करून टाक."

मंडळी, असं बोलणारी सासू तुम्ही पाहिली आहे का?

मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही, व्याकरणाची भीती वाटते. त्या स्वतः चौथी शिकलेल्या. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत गेल्या. गुरुजी, तुम्हीच सांगा, काय म्हणाल्या होत्या? "सुरुवातीपासून काय हाय इंग्रजीत, ते मले सांगा. मी घरी जाऊन तिले सांगतो." गुरुजींनी नाउनपासून सुरुवात केली. नाउन म्हणजे नाम. रोज एक प्रकार.

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. बांधीच्या चिखलात आम्ही बारा बाया वाकून पऱ्ह्यांची रोपं लावून राहिलो होतो अन् आत्याबाई मधोमध उभ्या राहून ओरडायच्या, "बाई?" आम्ही म्हणायचो, "कॉमन!" "सगुणा?" "प्रॉपर!" "चिखल?" "मटेरियल!" तेंदूपत्त्याचा पुडा कुठं बसतो म्हणून एक सकाळ भांडण चाललं. शेवटी त्यांनीच ठरवलं, पानं खूप अन् पुडा एक, म्हणून कलेक्टिव्ह. आज समोर बसलेल्या या बाया सगळी नामं पाठ म्हणून दाखवतील. हसू नका, विचारून बघा.

तांदळावर मात्र त्यांचं गुरुजींशी जुंपलं. गुरुजी म्हणाले, राइस अनकाउंटेबल, मोजता येत नाही. आत्याबाई तिथंच उठून उभ्या राहिल्या. "कायले मोजता येत नाई? आमी धान खंडीनं मोजतो, कुडवानं मोजतो. तुमच्या इंग्रजाले मोजता येत नसंन!" गुरुजींनी समजावलं, खंडी मोजली जाते, तांदूळ नाही. त्या घरी आल्या, सुपात मूठभर तांदूळ घेऊन दाणे मोजायला बसल्या. दोनशेच्या पुढं गेल्यावर सूप बाजूला ठेवलं अन् म्हणाल्या, "बरोबर हाय गुरुजीचं."

मग आलं अॅबस्ट्रॅक्ट नाउन. जे दिसत नाही, ज्याला हात लागत नाही, पण असतं. त्या दिवशी शाळेतून आल्या अन् थेट कामाला लागल्या. बांधीत विचारलं नाही, घरी विचारलं नाही. दोन दिवसांनी मी भाकरी थापून राहिले होते, तेव्हा बोलल्या. "आठ दिवस मी तुह्याशी बोलली नाई, तो माहा राग. ते एक अॅबस्ट्रॅक्ट. अन् दोन वर्षं तुह्या पोटात जे भेव होतं, ते दुसरं. मले दिसलं नाई वो. दिसासारखं नव्हतंच ते."

मला रडू फुटलं. थांबेचना. त्या म्हणाल्या, "आसू कोणतं नाउन?"

मी हुंदके देत म्हटलं, "कॉमन. काउंटेबल."

"मंग मोज, अन् बंद कर."

मार्चमध्ये परीक्षेला त्या माझ्याबरोबर आल्या. केंद्राबाहेर आंब्याखाली तीन तास बसल्या. मी बाहेर आले तशी विचारलं, "नाउन आलं का?" आलं होतं. ब्रेव्ह दिलं होतं, त्याचं नाउन लिहायचं होतं. मी ब्रेव्हरी लिहिलं होतं. एक मार्क. निकाल लागला तेव्हा मला इंग्रजीत बरोबर पस्तीस होते. एक कमी असता तर आज मी तुमची आशाताई नसते.

त्या दिवशी आत्याबाई साखरेचा डबा घेऊन घरोघर फिरल्या. "माही सून दहावी पास झाली!" लोक म्हणाले, "काऊन वो सगुणाबाई, ते त आधीच पास होती ना?" त्या म्हणाल्या, "तवा होती ते खोटी होती. आता खरी झाली." माझी लाज त्यांनी अशी साखरेबरोबर वाटून संपवली. वर्षभर गावातून त्या जागेसाठी दुसरी कोणी दहावी पास सून उभी राहिली नव्हती. जागा पुन्हा निघाली अन् मला मिळाली.

गेल्या महिन्यात त्यांना गोंदियाला दवाखान्यात भरती केलं. नर्सनं कागद घेऊन विचारलं, "अम्मा, नाम बताओ." आत्याबाईंना धाप लागली होती. तरी म्हणाल्या, "कोणतं नाम? कॉमन का प्रॉपर?" ती पोरगी आधी गोंधळली, मग मी सांगितल्यावर इतकी हसली की बाजूच्या खाटेवरची बाईसुद्धा हसायला लागली. चौथ्या दिवशी दुपारी आत्याबाई गेल्या. फार त्रास झाला नाही. माझा हात त्यांच्या हातात होता.

आता आपण उभं राहू अन् दोन मिनिटं शांत राहू. लेकरं बोलली तर बोलू द्या.

आत्याबाई, दर सणाला मी तुमच्या पाया पडायचे, तेव्हा तुम्ही लगेच म्हणायच्या, "पुरे, ऊठ आता." आज तसं म्हणायला तुम्ही नाही. म्हणून आज मी थोडा वेळ वाकूनच राहते.