डाव्या कोपऱ्याचा जोडीदार

हेमा : थांबा, थांबा. परत वाचा. डाव्या कोपऱ्यात तुम्ही, आणि तुमच्या शेजारी कोण?

उपेंद्र : विजयकुमार.

हेमा : कोण विजयकुमार?

उपेंद्र : आपल्या ओळखीत किती विजयकुमार आहेत, हेमा? रास अल खोरच्या गोदामातला. आमचा जुना कॅप्टन.

हेमा : अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? आखातातल्या मराठी कबड्डीचा आजवरचा सर्वोत्तम संघ निवडायचा मान मंडळाने तुम्हाला दिला. सगळ्या एमिरेट्समधून सातच माणसं घ्यायची, आणि त्यात तो? ज्याने तुमचा गुडघा मोडला?

उपेंद्र : गुडघा खैरुद्दीनच्या अंगाखाली मोडला.

हेमा : खैरुद्दीन बिचारा शारजाच्या टीमचा. चढाईला आलेला माणूस अंगावर येणारच, त्याचं कामच ते. पण तुमचा हात धरून विजय उभा होता ना? दोघांनी मिळून साखळी टाकायची ठरलं. तुम्ही झेपावलात आणि त्याने हात सोडला. एवढं धिप्पाड धूड तुमच्या एकट्याच्या पायावर. कप शारजाला, तुम्ही हॉस्पिटलात, आणि हा बाहेर सगळ्यांना सांगतोय, ‘उप्याने घाई केली.’ चोराच्या उलट्या बोंबा!

उपेंद्र : हे तू मला सांगतेस?

हेमा : मग कोणाला सांगू? दरवर्षी गणपतीत अथर्वशीर्षाला सगळे मांडी घालून बसतात, तुम्ही मागे प्लास्टिकच्या खुर्चीत. आणि पंगत बसली की कोणीतरी ओरडतंच, ‘उपेंद्रला आधी वाढा रे, त्याला घाई असते.’ सगळा हॉल हसतो. परवा तर त्या रिद्धीच्या नवऱ्याने ओरडून घेतलं. दोन वर्षं नाही झाली त्याला दुबईत येऊन! त्याला काय माहीत तुम्ही कसे खेळायचात? आणि विजय तिथेच पुऱ्या वाढत उभा. त्या माणसाने एकदा तरी विचारलंय का, गुडघा कसा आहे म्हणून?

उपेंद्र : नाही विचारलं.

हेमा : मग निखिलला का नाही घेतलं? कमिटीत सूर्यकांत आणि विभावरी दोघंही निखिलच म्हणत होते ना?

उपेंद्र : म्हणत होते. मी भांडून त्यांचं मत बदललं. म्हटलं, निखिल चपळ आहे, कबूल, पण बचावाची आखणी विजयची. आहेच ते खरं. विभावरी म्हणाली, ‘उपेंद्रजी, तुमचं मन फार मोठं.’

हेमा : तुमचं मन मी चांगलं ओळखून आहे. लग्नात माझ्या मामाने तुमचं नाव चुकीचं घेतलं, तर अजून त्याच्या घरचा चहा तुम्ही पीत नाही. खरं सांगा, काय शिजतंय?

उपेंद्र : दियाला सांगू नकोस.

हेमा : ती ट्युशनला गेलीय. बोला.

उपेंद्र : उद्या संध्याकाळी कार्यक्रमात नुसती शाल-श्रीफळ नाहीये. स्टेजसमोर मॅट टाकणार. संघातला चढाईपटू खैरुद्दीन, तो मानाची चढाई करणार. बाकी आम्ही सहा आपापल्या जागी बचावाला. डाव्या कोपऱ्यात मी, शेजारी विजय. हातात हात. त्या फायनलसारखं.

हेमा : बरं, मग?

उपेंद्र : मग खैरुद्दीन येईल. आम्ही साखळी टाकायला निघू. आणि या वेळी हात मी सोडेन.

हेमा : अगं बाई.

उपेंद्र : आमची साखळी बोटांत बोटं अडकवून असते. एकाने पंजा उघडला की संपलं. लांबून कोणाला काही कळत नाही. तेव्हा अल क्वोजच्या शेडमध्ये एवढी माणसं होती, कोणाला कळलं? उद्याही कळणार नाही. विजय तोंडावर आपटेल. समोर त्याच्या मुलीचे, वैभवीचे होणारे सासू-सासरे, खास पुण्याहून आलेत. मग मी माईक हातात घेणार आणि म्हणणार, ‘विजयने घाई केली.’ बस. दुसरं काही नाही बोलायचं मला.

हेमा : आणि त्याचं काही मोडलं तर?

उपेंद्र : उद्या खाली जाड मॅट आहे. मला सिमेंटवर टाकलेली सतरंजी होती.

हेमा : दियाला कळलं तर म्हणेल, ‘बाबा, इट वॉज जस्ट अ गेम.’

उपेंद्र : दियाला धावता येतं.

हेमा : मला खरं तर तुम्हाला थांबवायला हवं. शोभतं का या वयात, असं काहीतरी म्हणायला हवं. पण खोटं कशाला बोलू? ऐकून गार वाटलं मला. तुम्ही त्या खुर्चीत बसता ना, तेव्हा माझ्याच्याने नीट हात जोडवत नाहीत. बेल वाजली बघा. मी उघडते. ...अहो, नाव काढलं आणि हजर! या भाऊजी, या.

विजयकुमार : वहिनी, नमस्कार! हे घ्या, खजूर. खास मदिनेवाला, आपल्या गोदामातलाच. कुठे आहे आमचा सिलेक्टर? उप्या, हबीबी! ग्रुपवर नाव वाचलं आणि गाडी साइडला घेतली मी. शपथेने सांगतो, डोळ्यांत पाणी आलं, यार.

उपेंद्र : बस.

विजयकुमार : बसत नाही. आधी गळाभेट. मला वाटलं होतं तू निखिलला घेणार. सगळे तेच म्हणत होते. तुझ्या जागी दुसरा कोणी असता ना, तर...

हेमा : तर काय, भाऊजी?

विजयकुमार : काही नाही, वहिनी, मोठं मन लागतं. तुम्हाला सांगतो, पुढच्या महिन्यात माझा व्हिसा कॅन्सल होतोय. मॅनेजमेंट चेंज झालं, नवीन पोरगं बसवलं माझ्या सीटवर. मला म्हणाले, खलास, थँक यू. आता पुण्याला परत. सगळी जवानी इथे गेली माझी. तिकडे कोणी विचारलं, दुबईत काय केलंस, तर काय सांगू? खोकी मोजली? आता सांगता येईल, आखाताच्या ऑल टाइम संघात होतो. वैभवीच्या सासऱ्यांना पण सांगून ठेवलंय. पहिल्या रांगेत बसवणार आहे त्यांना.

उपेंद्र : माहीत आहे. खुर्च्या मीच लावून घेतल्यात.

विजयकुमार : बघा! याला म्हणतात दोस्त. बरं, मी कशासाठी आलो? एक प्रॅक्टिस करू या. इतक्या वर्षांत साखळी टाकली नाही आपण. उद्या सगळ्यांसमोर पोपट नको व्हायला. आणि उप्या, हसत सांगतो हं, त्या दिवशीसारखी घाई करू नकोस म्हणजे झालं.

हेमा : अहो, टीपॉय उचला.

उपेंद्र : हेमा...

हेमा : उचला म्हणते ना. सोफा मागे घ्या. चढाई मी करते. मी खैरुद्दीन.

विजयकुमार : वहिनी, तुम्ही? लागेल तुम्हाला!

हेमा : मला काय लागायचंय, माझे दोन्ही गुडघे शाबूत आहेत. उभे राहा दोघं. हे कोपऱ्यात, तुम्ही त्यांच्या शेजारी. धरा हात. असंच धरायचात ना?

उपेंद्र : असंच. बोटांत बोटं.

विजयकुमार : वा! काय आठवणी आल्या! यल्ला, वहिनी, या!

(हेमा ओढणी कमरेला खोचून ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत धावत येते. उपेंद्र एकटाच तिच्यावर आदळतो; दोघं सोफ्यावर पडतात.)

विजयकुमार : बघा! बघा! परत घाई! सुंभ जळला तरी पीळ जात नाही याचा!

हेमा : माझा चष्मा... हां, मिळाला. घाई कोणी केली, भाऊजी?

विजयकुमार : यानेच की. आधीच सुटला हा.

हेमा : मी समोरून येत होते. तुमच्या तोंडाकडेच बघत होते. तुम्ही डोळे मिटलेत, मान फिरवलीत आणि पंजा उघडलात. हे जागचे हललेही नव्हते तेव्हा.

विजयकुमार : घाम आला असेल हाताला. निसटला.

हेमा : एसी वीसवर आहे. मला थंडी वाजतेय.

उपेंद्र : परत करू.

विजयकुमार : जाऊ दे ना, यार. उद्या होऊन जाईल, इन्शाल्ला. चहा घेऊ या मस्त.

उपेंद्र : परत, विजय. हात दे.

हेमा : आले हं मी. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कबड्डी... अहो, सावकाश! लागलं का? गुडघा बघू.

उपेंद्र : काही झालं नाही. तू बघितलंस?

हेमा : बघितलं. परत सोडला. आणि या खेपेला तर मी धावलेही नाही हो. चालत आले.

विजयकुमार : वहिनी, जरा पाणी देता?

उपेंद्र : पाणी मिळेल. आधी मला सांग, समोरून माणूस आला की तुला काय होतं?

विजयकुमार : काय होणार? काही नाही.

उपेंद्र : विजय.

विजयकुमार : अरे, मला कळलंच नाही हात कधी उघडला! आईशप्पथ. मी घट्ट धरला होता. म्हणजे, धरलाय असं वाटत होतं मला. आता तुमच्या दोघांचे चेहरे बघून... उप्या, त्या दिवशीपण असंच झालं का रे?

उपेंद्र : तू मला विचारतोस?

विजयकुमार : मी ती गोष्ट इतक्या जणांना सांगितलीय की मला ती तशीच दिसते. तू पुढे धावतोयस, मी ओरडतोय, थांब, थांब. रंगवून रंगवून सांगितलीय. लोक हसायचे. मला खरंच वाटायचं, तूच घाई केलीस.

हेमा : लोक हसायचे ते ऐकत मी तिथेच बसलेली असायचे, भाऊजी. प्रत्येक वेळी.

विजयकुमार : सॉरी, वहिनी.

हेमा : मला नको सॉरी. पाणी घ्या.

विजयकुमार : उप्या, एक काम कर. मला काढ. निखिलला फोन लाव आत्ता. सांग, विजयची पाठ धरली. उद्या मी खाली बसून टाळ्या वाजवतो.

उपेंद्र : नाही.

विजयकुमार : अरे, उद्या सगळ्यांसमोर मी परत हात सोडणार! खैरुद्दीन तर वहिनींच्या चौपट आहे. वैभवीचे सासरे बघतील, ग्रुपवर व्हिडिओ फिरेल...

उपेंद्र : फिरू दे.

विजयकुमार : असं काय करतोस? मला जायचंय रे इथून, पुढच्या महिन्यात. असा चेहरा घेऊन जाऊ?

उपेंद्र : मी असाच चेहरा घेऊन राहिलो इथे. ऐक. तुला संघात का घेतलं, माहीत आहे? उद्या मी तुझा हात सोडणार होतो. तुला तोंडावर पाडणार होतो. मन मोठं आहे म्हणून नाही घेतलं तुला.

विजयकुमार : वहिनी, हे खरं आहे?

हेमा : खरं आहे. मला आवडलंही होतं.

विजयकुमार : मग आता?

उपेंद्र : आता ते जमणार नाही. मी सोडायच्या आधी तूच सोडशील, मग मी काय सोडू? तेवढंसुद्धा ठेवलं नाहीस तू माझ्यासाठी. हात पुढे कर.

विजयकुमार : परत? नको.

उपेंद्र : कर. बोटं नकोत. मनगट दे.

विजयकुमार : मनगटाची साखळी कोण टाकतं? वेळेवर सोडवता येत नाही.

उपेंद्र : म्हणूनच.

विजयकुमार : उप्या, दुखतंय.

उपेंद्र : दुखणारच. उद्या तू डोळे मीट, पंजा उघड, काय वाटेल ते कर. मी हे सोडणार नाही. खैरुद्दीन आला की मी जाणार, आणि माझ्याबरोबर तू येणार. उभे राहिलो तर दोघं आणि पडलो तरी दोघं.

हेमा : अहो, हात लाल झाला त्यांचा.

उपेंद्र : होऊ दे. आणि मग माईक तू घ्यायचास. एकच वाक्य बोलायचं. ‘त्या दिवशी उपेंद्रने घाई केली नव्हती.’

विजयकुमार : वैभवीच्या सासऱ्यांसमोर?

उपेंद्र : पहिल्या रांगेत आहेत. त्यांना नीट ऐकू येईल.

विजयकुमार : आणि नाही बोललो तर?

उपेंद्र : तर बोलेपर्यंत मनगट सुटणार नाही. मला कसली घाई आहे?

विजयकुमार : बोलतो. बोलेन, बाबा. सोड आता.

उपेंद्र : अजून एकदा करून बघू. हेमा, ये.

हेमा : आले असते हो. पण आता माझाच पाय निघत नाही. भाऊजींचा चेहरा बघा.

विजयकुमार : या, वहिनी. आज डोळे उघडे ठेवून बघतो. फक्त... उप्या, तू असा मला ओढत झेपावणार, दोघांचं वजन येणार. तुझ्या गुडघ्याचं काय?

उपेंद्र : हेमा, ऐकलंस? विचारलं त्याने.