पिन दिसतेय की नाही

...नाही, पण मी म्हणतो, एवढं वाकून बघायचं कशाला? विमान आहे ते, पलंगाखाली गेलेली चप्पल आहे का? पण आमचा धाकटा वाकला! तुम्हाला सांगतो, लहानपणापासून हीच खोड. पेपरात एक मार्क चुकून जास्त पडला म्हणून बाईंकडे परत करायला जाणारा अख्ख्या शाळेत हा एकटा... आणि बाईंनी तो कापता कापता आणखी दोन चुका शोधल्या, त्यांचेही कापले, ते वेगळंच!

तर हा धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. वैमानिक. आता वैमानिक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला ठाऊक आहे. ते नव्हे! याची कंपनी छोटी, विमान पंख्यांचं, सीटा शेहेचाळीस, दिवसाला सहा फेऱ्या, या गावाहून त्या गावाला आणि तिथून पुन्हा माघारी, डबा घरचा. आणि हा बसतो उजव्या खुर्चीत. डावी खुर्ची कॅप्टनची. सहा वर्षं हो! सहा वर्षांत माणूस बसल्या बसल्या नुसता सरकत राहिला असता तरी डावीकडे पोचला असता. पण तसं नसतं. तिकडे जायला वरिष्ठ कॅप्टनचं पत्र लागतं. याच्या वरिष्ठांना सगळे मामा म्हणतात. म्हणजे मामा त्यांना म्हणतात, बनतात दुसरे. आणि ते पत्र, ऐका हं, टाइप होऊन मामांच्या बॅगेत पडलेलं होतं. नुसती सही बाकी. सोमवारी होणार. आणि हा शनिवारी वाकला!

काय झालं, चौथी फेरी. एका टोकाच्या गावचा विमानतळ... विमानतळ कसला, एक धावपट्टी, एक शेड आणि एक वजनकाटा. तिथून निघायच्या आधी विमानाभोवती चक्कर मारून सगळं ठीक आहे ना ते बघायचं, हे काम उजव्या खुर्चीचं. बाकीचे कसे बघतात? चालता चालता. चाक आहे? आहे. पंखा आहे? आहे. चला! हा मात्र चाकाशी वाकला. तिथे ब्रेकला एक पिन असते, तांदळाच्या दाण्याएवढी. ब्रेक चांगला असला की ती बाहेर डोकावते, ब्रेक झिजेल तशी आत आत जाते, आणि काठाशी सपाट झाली की समजायचं, ब्रेक संपला. याने बघितली. सपाट! रुमालाने पुसून बघितली. सपाटच!

आता दिसलं त्याला काय करणार?

गेला मामांकडे, त्या फेरीचे कॅप्टन तेच. मामा चहा पीत होते. "अरे, मग लिहू की विमानाच्या वहीत! पण घरी पोचल्यावर लिहू. इथे लिहिलंस तर विमान इथेच बसेल. इथे ना ब्रेक मिळतो, ना बदलायची अवजारं. एकदाच तर उतरायचं राहिलंय!"

हा म्हणाला, "साहेब, पण ब्रेक उतरतानाच लागतो ना?"

"आपण हळू उतरू."

हळू उतरू! जिना आहे का तो?

मग मामा स्वतः आले बघायला. त्यांच्यामागे मेकॅनिक, मेकॅनिकमागे कंपनीचा तिथला स्टेशन मॅनेजर. तुम्ही फक्त डोळ्यांसमोर आणा... रणरणतं ऊन, चार जाणती माणसं विमानाखाली ओणवी, आणि मधे तांदळाचा दाणा! मामा म्हणाले, "दिसतेय की!" मेकॅनिक म्हणाला, "म्हणजे... दिसतेय असं म्हणायला हरकत नाही." स्टेशन मॅनेजर म्हणाला, "मी चष्मा आत विसरलोय, पण साहेब म्हणतायत तर असणारच." आणि तिघांनी मान वळवून याच्याकडे बघितलं. मामांनी खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेने हो! "बाळा, परवा सोमवार आहे. आठवण आहे ना?"

धाकटा मला नंतर सांगत होता, "दादा, खरंच सांगतो, मी दिसावी म्हणून प्रयत्न केला रे. एक डोळा मिटला. मान वाकडी केली. वाटलं, दिसू दे बाबा, केसभर तरी दिसू दे..." पण नव्हती! नसलेली गोष्ट दिसायला वरिष्ठच असावं लागतं.

याने वही उघडली आणि लिहिलं, पिन सपाट, ब्रेक बदलणे. खाली सही. झालं! वहीत एकदा आलं की विमान हलत नाही. फेरी रद्द.

आणि मग शेडमधे जाऊन लोकांना सांगायचं कुणी? मामा म्हणाले, "ज्याला दिसलं त्याने सांगावं." गेला बिचारा. एक गृहस्थ टेबलावर चढले, "याला पिन दिसते, आमची कोर्टाची तारीख दिसत नाही?" एक बाई तर डोक्याला हात लावून म्हणाल्या, "पिनेवाचून अडलंय होय! घ्या, माझ्या केसातली घ्या!" हा उभा. कॉलर घामाने ओली. काय सांगणार? तुम्ही सुखरूप आहात म्हणून माझ्यावर चिडताय, असं सांगायचं?

घरी आला तर आई, "अरे, मोठी माणसं दिसतेय म्हणाली ना? मग मोठ्यांचं ऐकावं." मी म्हटलं, "आई, खोटं बोलू नये हे याला शिकवलं कुणी?" तर म्हणाली, "ते लहानपणी रे! जन्मभर थोडंच धरून बसायचं असतं?" याच्या बायकोने कॅप्टनचे खांद्यावर लावायचे चार पट्टे हौसेने आणून ठेवले होते. ते तिने कपाटात एक कप्पा आत सरकवले, बस्स. धाकट्याने ते बघितलं. आता दिसलं त्याला काय करणार?

मधे रविवारी मेकॅनिकचा फोन. दबक्या आवाजात, "ब्रेक खोलला रे. आत काहीच उरलं नव्हतं. पुढच्या वेळी उतरताना... जाऊ दे, अंगावर काटा येतो." हा खुर्चीतून उठलाच, "मग एवढं लिहून द्याल?" पलीकडून, "लिहून? मी तर दिसतेय म्हणालो होतो ना! आता नव्हती कसं म्हणू? पोरंबाळं आहेत मला."

सोमवारी मामा म्हणाले, "पत्र? तू अजून जरा पिकायला हवास. उड्डाण उत्तम, समजूत कमी." आणि ते पत्र, तेच हो, नाव बदलून दुसऱ्याला दिलं. हा दुसरा धाकट्याहून दोन वर्षांनी लहान, नजर अधू नाही पण स्वभावाने चालता चालता बघणारा. आज तो डावीकडे बसतो आणि आमचा धाकटा त्याच्या उजवीकडे. भांडावं म्हटलं तर कुणाशी? अपमान कुणी केलाच नाही, सगळे हसून बोलतात. मी म्हटलं, "सोड ही नोकरी." म्हणाला, "दादा, दुसरीकडे गेलो तरी मामांनाच विचारतील ना, मुलगा कसा आहे?"

तरी हा अजून वाकतो! दर फेरीला! आता दिसलं त्याला काय करणार, हे कबूल... पण न बघायची तरी सोय आहे की नाही?

परवाचीच गोष्ट. मी समोर बसलेलो, याची बायको शेजारी, आणि मामांचा फोन. धाकट्याने स्पीकर लावला. "काय रे, शुक्रवारी सकाळच्या फेरीला कोण कोण आहे?" याने नावं सांगितली. मामा घसा खाकरून म्हणाले, "तू नाहीस का? नाही म्हणजे... माझी नात बसणार आहे रे त्यात. तिची आई म्हणते, ते वाकून बघणारे काका असतील तरच पाठवीन."

मी हातवारे करतोय, विचार, पत्राचं विचार, हीच वेळ आहे! याने विचारलं, "साहेब, ते माझ्या पत्राचं..."

"बघू रे, बघू. तुला डावीकडे बसवलं तर चाकाशी वाकायचं कुणी? आधी शुक्रवारचं सांग."

धाकट्याची शुक्रवारी सुट्टी होती हो! तीन महिन्यांनी मिळालेली! बायकोला घेऊन कुठेतरी जायचं ठरलेलं, बॅग भरलेली. याने माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि म्हणाला, "असू दे साहेब. मी येतो. पोर आहे ना त्यात."