दादाची उष्टी ताटं

दादाचं ठरलेलं लग्न कशानं मोडलं म्हणून विचारता ना, सांगते. कोरेगावला घर आहे, ऊस आहे, माणूस निर्व्यसनी. पण चाळिशीला आला तरी जेवलेलं ताट आईच उचलायची. त्यात आई पडली, हाताला प्लॅस्टर आलं. मी सांगलीहून फोनवर बजावलं, "दादा, आता तरी ताटं घास रं."

"घासतो की," म्हणाला.

आईला बघायला म्हणून मी गेले, तर त्याच वेळी कवठे महांकाळची मुलगी वडिलांना घेऊन न कळवता आलेली. कितीतरी नकारांनंतर हिनं होकार दिला होता, फक्त घर बघायचं राहिलं होतं. मोरीतला ढीग बघून तिनं सहज विचारलं, "ही भांडी कोण घासतं?"

दादा हसत म्हणाला, "आई घासती की. प्लॅस्टर निघालं की घासंल."

तिनं आईच्या हाताकडं बघितलं. "बरं," म्हणाली आणि चहा न घेताच उठली.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला, "पोरगी नको म्हणती."

दादानं मुकाट्यानं सगळी भांडी घासली. हात पुसत मला म्हणाला, "त्यास्नी परत बोलवूया का गं?"

आईच म्हणाली, "बघायचं ते बघून गेली रं ती."